पानावर येणारा दुसरा

"काका, तुमचा तो दुसरा माणूस कोण आहे, तेच बघायला आलेय मी," नाझनीन म्हणाली आणि तिनं लॅपटॉप शालनच्या कापायच्या टेबलावर ठेवला.

टेबलावर कात्री होती, खडू होता आणि अर्धवट कापलेलं निळं कॅनव्हास होतं. शालन गेल्यापासून मी ते उचललं नव्हतं. नाझनीननंही उचललं नाही. तिनं लॅपटॉप कडेला कसाबसा टेकवला.

"पडेल तो," मी म्हणालो.

"नाही पडत. तुम्ही बसा. आणि खरं सांगा, रोज दोनच दिसतात?"

"रोज दोन. एक मी. दुसरा कोण ते तू सांग."

शालन माझी बायको. तिला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमचं घर मिरजेत. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, विजेच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तार भरायची, ते मी कधीच बंद केलं होतं. तिचं काम मात्र पुढच्या खोलीत शेवटपर्यंत चालू होतं. ती तंबोऱ्यांच्या आणि सतारींच्या गवसण्या शिवायची. बाहेरून कॅनव्हास, आतून मऊ फ्लॅनेल आणि बाजूला एक खिसा. त्या खिशात गाणारी माणसं जादा तारा आणि तारेखाली घालायचा जवारीचा दोरा ठेवतात.

आधी ती दुकानदारांना माल द्यायची. मग कुणीतरी तिच्या डोक्यात घातलं की वेबसाइट काढली तर गाणारे थेट मागवतील. तेव्हा ती नाझनीनच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली. क्लासात सगळ्या कॉलेजच्या पोरी आणि ही एकटी काकू. घरी येऊन भाजी चिरताना पुटपुटायची, "उघडलं की बंद करायचं. उघडलं की बंद करायचं."

मी विचारलं, "काय गं, नळ का दार?"

"टॅग हो. मजकूर ज्याच्या आत ठेवायचा, तो टॅग पुढून उघडायचा आणि मागून बंद करायचा. नाहीतर पुढचं सगळं पान त्याच्यातच शिरतं. उशीचं तोंड शिवायचं राहिलं की कापूस कसा बाहेर येतो, तसं."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण पान तिनं स्वतः केलं. त्यावर एक व्हिडिओही टाकला, गवसणी कशी शिवायची त्याचा. मी म्हणालो, "अगं, लोकांना शिकवलंस तर तुझ्याकडून घेणार कोण?" ती म्हणाली, "शिवायला बसले की कळतं किती वेळ जातो. मग मुकाट्यानं आपल्याकडूनच घेतात." तिचं खरं निघालं.

ती गेल्यावर मी रोज दिवेलागणीला ते पान मोबाइलवर उघडायचो आणि व्हिडिओ लावायचो. व्हिडिओत तिचा चेहरा नाही, हात आहेत फक्त. आणि आवाज. आकडे बघायची सोय नाझनीननं शालनच्या मोबाइलवर करून दिली होती, तो मोबाइल आता माझ्याकडे होता. आज हे पान किती वेळा बघितलं गेलं ते त्यात येई. दिवसभर शून्य असायचं. मी पान उघडलं की एकाऐवजी दोन व्हायचे.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मग रोज तेच. एकदा व्हिडिओ मध्येच अडकला म्हणून मी पान बंद करून परत उघडलं, तर आकडा चार. म्हणजे त्यानंही दोनदा उघडलं होतं. मधे मी रोहिणीकडे, आमच्या मुलीकडे, पुण्याला जाऊन राहिलो. तिथं गॅलरीत बसून उघडलं, तरी दोन. म्हणजे मी कुठंही असलो तरी मी आलो की तोही येत होता.

मी वेडा नव्हतो. आजही नाही. पण रोज त्या वेळी आपल्याबरोबर आणखी कुणीतरी तिचा आवाज ऐकतंय, याचा मला आधार वाटायला लागला होता.

रोहिणी फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, घर भाड्यानं द्या आणि इकडे या. ती वेबसाइट आता कुणी बघत नाही. बंद करून टाका." एकदा मी बोलून गेलो, "कोण म्हणतं बघत नाही? रोज कुणीतरी येतं." ती मग म्हणाली, "ठीक आहे. मी नाझनीनला बघायला सांगते. खरंच दुसरं कुणी येत असेल तर मी परत हा विषय काढणार नाही. नसेल तर तुम्ही सगळं बंद करून यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. मला खात्री होती.

म्हणून नाझनीन आली होती.

"दाजी, च्या ठेवलाय," असं म्हणत मंगल आतून आली. मंगल शेजारची. शालनबरोबर तीही गवसण्या शिवायची. शालनला ती आक्का म्हणायची, म्हणून मी दाजी. शालन गेल्यावर मी ऑर्डरचे फोन उचलणंच सोडलं होतं, त्यामुळं तिचं काम थांबलं होतं. पण ती रोज यायची, मशीनवरची धूळ पुसायची, माझा चहा करायची. घर बंद झालं तर मशीनही जाणार, हे तिला माहीत होतं. ती त्याबद्दल बोलत नसे.

"गावला का त्यो दुसरा?" तिनं नाझनीनला विचारलं.

"आत्ता तर बसलेय, मंगलमावशी."

"मी सांगू कोण हाय ते? आक्काच असनार. दुसरं कोण येतंय त्या टायमाला? दिवा लागला की त्या बी मशीनवरनं उठून हितंच बसायच्या न्हवं का दाजींजवळ?"

"मंगल, गप," मी म्हणालो.

"गप तर गप. मी आपली अडाणी."

नाझनीन हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर पडद्याकडं वळवली. मंगल बोलली ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मी ते स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

"काका, आत्ता तुम्ही पान उघडा बरं," नाझनीन म्हणाली. "तुमच्या फोनवर."

"आत्ता? ती वेळ नाही."

"उघडा हो."

मी उघडलं. व्हिडिओ सुरू झाला. शालनचा आवाज खोलीत आला, "आधी भोपळ्याचा घेर घ्यायचा. दोरी सैल धरायची, ओढायची नाही." मंगल पदर तोंडाशी नेऊन आत गेली. मी व्हिडिओ थांबवला.

नाझनीन पडद्याकडं बघत होती. "हं. दोन झाले."

"बघ. आला ना?"

तिनं काहीतरी दाबलं आणि पडद्यावरचे आकडे गेले, त्या जागी बारीक अक्षरांच्या ओळीच्या ओळी आल्या. ती त्या सावकाश वर सरकवत गेली. मग थांबली. मग तळापर्यंत गेली आणि परत थांबली. मग लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"काका, हे कसं सांगू तुम्हाला?"

"मला शिव्या घालून मोटारी दुरुस्त करून घेणारी गिऱ्हाइकं मी बघितलीत. सांग सरळ."

तिनं इकडंतिकडं बघितलं. भिंतीला खिळ्यावर एक गवसणी टांगलेली होती, शालननं नमुन्याला ठेवलेली. नाझनीननं ती काढून आणली आणि तिच्या खिशात बोटं घातली.

"काकूंनी हा खिसा कशाला लावलाय?"

"तारा ठेवायला. दोरा ठेवायला. काय वाटेल ते ठेवायला."

"बरोबर. उद्या त्यात आणखी काही ठेवायचं झालं तर गवसणी उसवावी लागत नाही. पानालाही आम्ही असाच एक रिकामा खिसा लावतो. कंटेनर टॅग म्हणतात. एकदा लावला की झालं. मग आकडे मोजणारं, जाहिरातीचं, जे काही लागेल ते बाहेरून त्या खिशात घालायचं, पानाला हात लावायचा नाही. तुमच्या पानाच्या खिशात मी मोजणारं यंत्र घातलंय. कुणी आलं की ते एक मोजतं."

"मग?"

"काकूंनी खिसे दोन लावलेत."

मला कळलं नाही असं नाही. पण मी म्हणालो, "म्हणजे?"

"एक वर लावलाय, जिथं पाहिजे तिथं. आणि तोच, जसाच्या तसा, खाली परत लावलाय. यंत्र दोन्हीत आहे. एक माणूस आला की वरचं म्हणतं एक, खालचं म्हणतं एक. झाले दोन." ती थांबली. "मी क्लासात सांगितलं होतं, दोन ठिकाणी दोन तुकडे टाकायचे. खालचा तुकडा वेगळा असतो, छोटा. काकूंनी वरचाच दोन्हीकडे टाकला. मी त्यांचं बाकी पान तपासलं, हे माझ्या नजरेतून सुटलं."

मी ती गवसणी तिच्या हातातून घेतली आणि उलटी केली. आतल्या बाजूला, खिशाच्या कडेला, शिवणीवर शिवण होती. प्रत्येक गवसणीला असायची. मी कितीदा शालनला म्हणायचो, "एकदा शिवलं ना, परत कशाला? दोरा फुकट जातो." ती म्हणायची, "तंबोरा काही तुमच्या मोटारीसारखा नाही, पडला की गेला. एका शिवणीवर भरवसा ठेवू नये."

तिनं पानावरही तेच केलं होतं.

"म्हणजे दुसरा कुणी नाही," मी म्हणालो.

"नाही, काका."

"कधीच नव्हता."

"या पानावर नाही. वर्षभरात तुम्हीच."

चहा आला. मंगलनं कप ठेवले आणि ती दारातच उभी राहिली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. नाझनीननं चहा घेतला नाही. कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी आत्ता काही बघितलंच नाही असं धरूया का? रोहिणीताईंना सांगते, आहे कुणीतरी, गाव कळत नाही. खालचा खिसा राहू दे. कुणाचं काय बिघडतंय?"

मंगल म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, दाजी. पोरगी बरोबर बोलतीया."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. रोज दोन दिसले असते. मशीन इथंच राहिलं असतं, मंगल आली असती, चहा झाला असता. मी किती दमलो होतो ते मला तेव्हाच कळलं.

"चूक आहे ना ती?" मी विचारलं.

"चूक आहे."

"मीटर दुप्पट फिरतंय हे कळल्यावर मी ते तसंच ठेवलं असतं का? काढ."

"काका…"

"रोहिणीला मी शब्द दिलाय. काढ. पण आधी मला दाखव ते."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. सात-आठ ओळींचा एक तुकडा होता. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.

"हे तिनं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, उचलून चिकटवलेलं आहे. पण इथं आणून ठेवलं ते त्यांनीच."

शालनची शिवण मी उभ्या आयुष्यात कधी उसवली नव्हती. "हं," मी म्हणालो. नाझनीननं ते पुसलं. काही आवाज वगैरे झाला नाही.

जाताना ती चपला घालत म्हणाली, "काका, आता जे दिसेल ते खरं दिसेल." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं, कारण तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. असं ती कधी करत नसे.

मंगल कप विसळून आली. मशीनवर कापड घातलं. "पुण्याला थंडी लई असतीय म्हणं," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

संध्याकाळी मी पान उघडलं. व्हिडिओ पूर्ण बघितला. आकडा या वेळी एकानंच वाढला.

मग रोहिणीला फोन लावला.

"काय निघालं, बाबा?"

"एकच निघाला."

"म्हणजे?"

"मीच. तुझ्या आईनं दुहेरी शिवण घातली होती, म्हणून दोन दिसत होते. तुला नाझनीन सांगेल नीट. मी बॅग भरतो."

मला वाटलं ती म्हणेल, बघा, मी सांगत होते. पण पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"बाबा, तुम्ही रोज बघत होता?"

"हो."

"आवाज लावून?"

"आवाजाशिवाय काय आहे त्यात?"

"मला काय माहीत? तुम्ही कधी आईचं नावच काढत नाही. मी फोन केला की पाणी आलं का, बिल भरलं का. मला वाटलं, बाबांनी सगळं बांधून माळ्यावर टाकलं. माझ्याच्यानं तो व्हिडिओ अजून उघडवला नाही. एकदाही नाही."

"नको उघडू मग. जबरदस्ती थोडीच आहे?"

"शनिवारी येते तुम्हाला न्यायला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बॅगा काढल्या. कपडे असे किती असणार? दिवेलागणीला सवयीनं पान उघडलं. व्हिडिओ बघितला. मग आकडा बघितला.

दोन.

मी नाझनीनला फोन केला. "अगं, तो खालचा खिसा निघाला नाही वाटतं. परत दोन दाखवतंय."

"थांबा हं." मागं क्लासातल्या पोरींचा गलका चालू होता. थोड्या वेळानं ती परत आली. "काका, एकच खिसा आहे. मी दोनदा बघितलं. दोन म्हणजे आता दोनच."

मी शालनच्या मोबाइलवरचा आकडा परत बघितला.

"गाव दिसतं त्यात," ती म्हणाली. "बघून सांगू का?"

"नको."

शुक्रवारीही दोन होते. रोहिणीचा नेहमीसारखा फोन आला, पाणी आलं का, गॅस बंद केलाय ना. पानाचा विषय तिनं काढला नाही, मीही विचारलं नाही.

शनिवारी ती आली. बॅगा दारातच भरून ठेवल्या होत्या, त्या तिनं बघितल्या. मंगलनं तिला जवळ घेऊन तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केवढी वाळलीस गं. तिकडं काय खायला मिळत न्हाई व्हय?" रोहिणी हसली. हातपाय धुऊन पुढच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी चहाचा कप घेऊन गेलो, तर ती कापायच्या टेबलापाशी उभी होती. त्या निळ्या कॅनव्हासवरून हात फिरवत होती.

"बाबा, हे अर्धं कसं राहिलं?"

"कापताना तिला चक्कर आली. मग दवाखान्यातच नेलं."

तिनं कापड उचललं. वर्षभरात ते पहिल्यांदा कुणी उचलत होतं. खाली टेबलावर त्या आकाराची स्वच्छ जागा राहिली होती, बाजूला सगळी धूळ.

"तो खिसा लावायचा कसा?" ती म्हणाली. "व्हिडिओत नेमका तिथंच आईचा हात आडवा आलाय. दोनदा मागं नेऊन बघितलं, दिसतच नाही."

मी कप टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला.

"आधी वरचा काठ दुमडायचा," मी म्हणालो. "ती सांगते की. हात आडवा येण्याच्या आधीच सांगते."

"ते ऐकलं. पण पुढं?"

"पुढं मंगलला ठाऊक." मी हाक मारली, "मंगल!"

मंगल आली. तिनं रोहिणीच्या हातातलं कापड बघितलं, मग दारातल्या बॅगा बघितल्या आणि काही न विचारता मशीनवरचं कापड काढलं. कात्री घेऊन राहिलेला भाग कापला. खिशाचा तुकडा काढला. "बस," ती रोहिणीला म्हणाली. "ल्हानपनी शिवत हुतीस की फ्रॉकाला लेस. पाय इसरतोय व्हय मशीन?"

रोहिणी आईच्या स्टुलावर बसली. पहिल्यांदा दोरा तुटला. मंगलनं परत ओवून दिला. मी दाराजवळच्या बॅगेवरच बसलो, कारण खुर्ची आत होती. त्या दिवशी आमचं निघणं झालं नाही.

खिसा लागला. शिवण थोडी वाकडी आली होती. मंगलनं दोरा कापायला कात्री पुढं केली.

"थांब मावशी," रोहिणी म्हणाली. तिनं कापड फिरवून परत सुईखाली घेतलं आणि त्याच शिवणीवरून दुसऱ्यांदा मशीन चालवलं.